गुंतवणुकीवर सांडलेलं रसम

त्या उन्हाळ्यात आमच्या चेन्नईच्या घरातल्या एकुलत्या एका एसीत माझी क्रिकेटची कार्डं झोपत आणि आम्ही माणसं हॉलमध्ये, पंख्याखाली.

कार्डं च्युइंगमच्या पाकिटांतली, लहानपणी साताऱ्यात जमवलेली. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात एकजण म्हणाला, "जुनी कार्डं म्हणजे गुंतवणूक असते." झालं. तोवर मी त्यांच्याकडे प्रेमाने बघायचो, आता लोभाने बघू लागलो. दमट हवेत वाकू नयेत म्हणून एकेकाला प्लास्टिकचं पाकीट चढवलं.

"मीही घामाने वाकलेय," माझी बायको मुग्धा म्हणाली. "मलाही घाल पाकिटात."

अखेर जॉर्ज टाउनचे एक जाणकार कार्डं विकत घ्यायला येणार असं ठरलं. रविवारी आले. हातात पांढरे मोजे, खिशात भिंग (डॉक्टरही इतक्या गंभीर चेहऱ्याने येत नाहीत). त्यांना घेऊन बेडरूमचं दार उघडलं, तर साताऱ्याहून आलेले माझे बाबा आणि शेजारचे तंजावरी मराठी रावकाका जमिनीवर बसलेले. पाकिटं एकीकडे, कार्डं दोघांच्या हातात.

"बाबा, हे काय?"

"ज्याच्या कार्डावर धावा जास्त, त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. तूच शिकवलेला खेळ."

पाहुण्यांनी एक कार्ड उचलून भिंग लावलं आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं.

"फलंदाजाच्या डोक्यावर काय आहे, विचारतात," रावकाकांनी भाषांतर केलं.

"रसम," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "पुसलं होतं मी."

पाहुण्यांनी सावकाश मोजे काढले. निघाले, असं मला वाटलं. ते मांडी घालून बसले.

"एनक्कुम् पोडुंग."

"त्यांनाही पानं वाटा म्हणतात," रावकाका म्हणाले.

गुंतवणूक वाचवायला मीही बसलो. चहा आला, गेला. बाबा हरले, रावकाका हरले, आणि मी तर ज्या कार्डाच्या जिवावर बसलो होतो तेच आधी घालवून बसलो. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी कार्डं पाहुण्यांकडे. बाबा म्हणाले, "खेळ म्हणजे खेळ. जिंकली ती त्यांची." पाहुण्यांनी पुन्हा मोजे चढवले आणि कार्डं बॅगेत ठेवली.

"काका, कार्डं मला परत विकायचे किती घेतील, विचारा ना," मी कुजबुजलो.

रावकाकांनी विचारलं. पाहुणे डोळे मिटून हसले.

"म्हणतात, विकायची नाहीत. लहानपणीची आवड आहे."

मी त्यांना खाली सोडायला गेलो आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये रिक्षावाल्याशी घासाघीस करून भाडंही कमी करून दिलं. त्या दिवसातला माझा तेवढाच फायद्याचा व्यवहार, तोही त्यांच्या फायद्याचा.