मिरजगावच्या विहिरीतला अक्रोड

फोटोतला दगड हुबेहूब अक्रोडासारखा दिसत होता, म्हणून मी पुण्याहून पहिली एसटी पकडली. दगड झालेली फळं आणि बिया अभ्यासणं हे माझं काम. फोटो पाठवणाऱ्या कांताबाई शेतकरी. कर्जतला माझं भाषण ऐकून त्यांनी माझा नंबर घेतला होता.

मिरजगावच्या स्टँडवर त्यांचे यजमान दत्तूभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. चेहरा पडलेला.

"मॅडम, हिरीचं (विहिरीचं) काम थांबलंय. आमची मालकीण तुमी येईस्तोवर सुरुंग लावू देईना. फळ निघालं तर सरकार हीर बुजवायला लावल का?"

"आधी बघू तरी!"

ज्वारीच्या धसकटांतून, बाभळींच्या कडेने शेतावर पोहोचलो. विहिरीशेजारी काळ्या दगडांचा ढीग. कांताबाईंनी पदरातून तो दगड काढला.

"तुमीच सांगितलं हुतं न्हवं, अक्रोडाचं झाड देशोदेशी चालत गेलं?"

"झाड चालतं व्हय?" दत्तूभाऊ म्हणाले.

"बी जातं," मी म्हणाले. "खार ते पुरते आणि विसरते, तिथं झाड उगवतं. या कुळातल्या काही फळांना पंख असतात, ती वाऱ्यावर जातात. उत्तरेचे खंड जमिनीने जोडलेले होते, तेव्हा ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या सरकत एका खंडातून दुसऱ्यात पोहोचली."

आपल्याकडचा हा काळा पाषाण तयार झाला, तेव्हा आपली भूमी मात्र समुद्रात एकटी होती. इथं अक्रोड निघाला, तर आम्हाला सगळं नव्यानं मांडावं लागणार होतं.

भिंगातून पाहिलं. मग हातोडीने दगड फोडला. आत पांढरे स्फटिक चमकले.

"फळ नाही, कांताबाई. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडा अडकला, त्या पोकळीत हे स्फटिक वाढले. गारगोटी आहे ही."

मला खूप वाईट वाटलं. दत्तूभाऊ मात्र उडीच मारायचे बाकी होते.

कांताबाई तुकडा उन्हात फिरवत राहिल्या. "म्हंजे फोटो बरोबर हुता. नावच चुकलं," म्हणाल्या आणि हसल्या. मग मलाही हसू आलं.

जेवायला शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाचे, झणझणीत रश्श्यात शिजवलेले). मी दोनदा वाढून घेतले. दुपारी सुरुंग उडाला. धूळ बसल्यावर माणसं खाली उतरली आणि आतून ओरडा आला, "झरा हाय! लागलं पानी!"

कांताबाईंनी माझा हात घट्ट धरला. दत्तूभाऊ काठावरून आत वाकून बघू लागले.

परतीच्या एसटीत मैत्रिणीचा फोन आला. तीही माझ्याच विषयातली, सकाळपासून वाट बघत बसलेली.

"काय गं, मिळालं का काही?"

"हो," मी म्हणाले, "पाणी लागलं."