भुरीबाईनं धुतलेले पव्वे

भुरीबाई,

तुला वाचता येत नाही, आणि तांड्यावर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावंस असं हे पत्र नाही. म्हणून तू समोर आहेस असं धरून बोलतेच आहे. मधे मधे ‘हो जी’ म्हणू नकोस. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लोक मला सभेला बोलावून विचारतात, “मॅडम, कॉलेजची पोरं अशी कधीपासून प्यायला लागली?” जशी काही मी मोजत बसले होते! मोजत होतीस तू. तेव्हा तुझीच गोष्ट सांगते. तोंडावर सांगायला मला जमणार नाही, म्हणून तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. त्यातली मॅडमबाई, त्या कॉलेजची प्राचार्य, मीच, हेही लोकांना कळू दे.

यवतमाळातल्या एका कॉलेजचं मुलांचं हॉस्टेल भुरीबाईनं बावीस वर्षं झाडलं. बाई दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची. नवरा डोमाजी मोहाच्या दारूनं लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून शहरात येऊन झाडू धरला. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची. सकाळी सातला पोतं घेऊन ती हॉस्टेलच्या मागच्या अंगाला जायची आणि खिडक्यांखालच्या बाटल्या वेचायची. कोणत्या खोलीत काय चाललंय ते रेक्टरच्या आधी तिला कळायचं.

पूर्वी पोतं वर्षातून तीनदाच लागायचं. गॅदरिंग, पोळा आणि शेवटचा पेपर. बियरच्या मोठ्या बाटल्या, सोबत चिवड्याचे कागद, शेंगांची टरफलं. आठ-दहा जण गच्चीवर गोल बसून, गाणी म्हणून प्यायलेत हे झाडतानाच दिसायचं. दोन हजार चारनंतर पोतं रोज लागायला लागलं. आता देशी दारूचे पव्वे, खिशात मावणाऱ्या चपट्या बाटल्या. कागद नाहीत, टरफलं नाहीत. मंगळवारीसुद्धा, पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा, आणि एकेका खिडकीखाली एकेक. त्या वर्षांत कापसानं खेडी अशी खचली होती, की घरून फोन आला तर पोरं उचलायच्या आधी जरा थांबायची.

“मॅडमबाई, हे आता पीत नाहीत,” भुरीबाई म्हणाली, “लपून गिळून राह्यले.”

त्यावर मॅडमबाईंनी जे केलं ते शिकलेली बाईच करू जाणे. त्यांनी खोल्याखोल्यांतले ग्लास गोळा केले. स्टीलचे, काचेचे, प्लॅस्टिकचे, एकेकाचा वास घेऊन. पोतंभर ग्लास ऑफिसात कुलपात गेले. ग्लास नाही तर दारू नाही!

भुरीबाईनं कपाळाला हात लावला. “आता थे बाटलीलेच तोंड लावतीन जी. आमच्या तांड्यावर म्हातारा मानूस आधी वाटीत ओतते, पाह्यते, वास घेते, दोन थेंब जमिनीले देते, मंग दुसऱ्याले. इथं कोन पाह्यते का आत काय हाये?”

“मग काय, मी त्यांना वाट्या वाटू?”

“मी कुठं म्हन्तो? मी झाडूवाली.”

झालं तसंच. तेव्हा लाइट रोज साडेसातला जायची. अंधार पडला की दार लावून, उभ्यानं, एका दमात. नवे असत ते नाक दाबून.

वेचलेले पव्वे भुरीबाई फोडत नसे. नळाखाली भिजवून लेबल काढायची, झाकणासकट धुवायची आणि खेड्यातली माणसं बाजाराला आली की त्यांना द्यायची. फवाऱ्याच्या विषाचा एक डबा चार घरं मिळून घ्यायची, आणि ज्याचा त्याचा वाटा असा पव्व्यात भरून न्यायचा. हातात बसतो, झाकण गळत नाही. सारा मुलूख तसंच करत होता, भुरीबाईला त्यात वावगं काय वाटणार? तरी ती प्रत्येक पव्व्याच्या गळ्याला विषाची खूण म्हणून एक लाल चिंधी बांधून द्यायची.

धावजी तिच्या धाकट्या बहिणीचा, जमनीचा मुलगा. तांड्यावरून बीएस्सीला आलेला पहिलाच. शंभर पोरं मावशी म्हणत, पण ती खरी मावशी या एकाचीच. जमनीनं पोरगा हवाली करताना बजावलं होतं, “डोमाजी भाऊजीचं तू पाह्यलं. याच्या तोंडाले बाटली लागली तं तू माही बहीन नाही.” त्यामुळे अकरा नंबरच्या खिडकीखाली भुरीबाई जरा जास्त वेळ थांबायची. तिथं रोज एक पव्वा असायचा. तो धावजीच्या जोडीदाराचा, सोनूचा. खोलीत पोरं दोन, पव्वा एक. तोवर ठीक होतं.

पोळ्यानंतरच्या एका सोमवारी तिथं दोन पव्वे निघाले.

“काहून रे, धावजी?”

“दोन्ही सोनूचे, मावशी. तुही आन.”

“माही आन घेऊन खोटं बोलशीन तं मीच मरीन.”

“मंग हॉस्टेल कोन झाडीन?” असं म्हणून तो हसत हसत क्लासला गेला.

त्याच सकाळी पोत्यात तिला आणखी एक पव्वा सापडला. लेबल नसलेला, तिनंच कधीतरी धुतलेला. झाकण उघडलं तर फवाऱ्याचा उग्र वास. चिंधी नव्हती. ती तशीच ऑफिसात गेली.

“मॅडमबाई, माहे पव्वे खेड्यावरून फिरून इकडंच येऊन राह्यले. चिंधी टिकत नाही. शंभर चिठ्ठ्या लिहून द्या, लाल शाईनं, मोठ्या अक्षरात. ‘फवाऱ्याचं आहे, पिऊ नका.’ मी गोंदानं चिकटवतो.”

मॅडमबाईंच्या टेबलावर तपासणी समितीच्या फायलींचा ढीग होता. “समिती येऊन जाऊ दे. शुक्रवारी लिहिते.”

“शुक्रवारी पक्कं?”

“पक्कं म्हटलं ना! जा आता.”

बुधवारी जमनीचा नवरा पूनमसिंग फवाऱ्याचा पंप दुरुस्त करायला शहरात आला. आपल्या वाट्याचं विष त्यानं पव्व्यात भरून थैलीत ठेवलं होतं. थैली पोराच्या खोलीत ठेवतो म्हणाला, तेव्हा भुरीबाईनं स्वतःजवळच्या किल्लीनं अकरा नंबर उघडून दिली. पोरं क्लासला होती; थैली दारामागच्या खुंटीला टांगली. चिंधी आहे, हे तिनं हात घालून पाहिलंसुद्धा. पंपवाल्याकडे लाइट नव्हती, पूनमसिंग तिथंच अडकला, आणि साडेसातला हॉस्टेलचीही लाइट गेली. अंधारात लाल काय नि काळं काय.

पुढचं सोनूनं सांगितलं. त्याचा हात थैलीला लागला, भरलेला पव्वा हाती आला.

“का बे, थैलीत लपवून ठेवतो? आन् मले म्हन्तो का माह्याजवळ नाही!”

“माहा नाही बे.”

“मंग कोनाचा, तुह्या बापाचा?”

दोघंही हसले. आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा प्यायलेला धावजी म्हणाला, “आन इकडं.” त्यानं नाक दाबलं आणि एका दमात अर्धा पव्वा घशाखाली घातला. मग बाटली सोनूकडे दिली. सोनू जुना, तो नाक दाबत नसे. ओठाशी नेताच त्याला वास आला. त्यानं बाटली भिंतीवर फेकली आणि जिन्यावरून ओरडत सुटला, “मावशी! ओ मावशी!”

शुक्रवारी दुपारी धावजी गेला.

त्या वर्षांत जिल्ह्यात कोणी विष प्यायलं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नव्हतं. शेतकऱ्याचा पोरगा, कापूस गेला, पोरानं जीव दिला, असंच सगळे धरून चालले. तांड्यावरही तेच. जमनी छाती पिटत एकच विचारत होती, “मी काय कमी केलं का त्यानं जीव द्यावा?”

ते ऐकवेना म्हणून भुरीबाई बहिणीसमोर बसली आणि म्हणाली, “त्यानं जीव नाही दिला, जमने. त्याले दारू वाटली.”

जमनीचं रडणं थांबलं. “म्हंजे पेत होता?”

“आठ दिवस.”

“तुले मालूम होतं?”

“सोमवारी दोन पव्वे दिसले होते.”

जमनी उठून आत गेली. त्यानंतर ती भुरीबाईशी एक शब्द बोलली नाही. आपलं पोर जिवाला कंटाळलं नव्हतं एवढं तिला कळलं, आणि त्यासाठी भुरीबाईनं बहीण गमावली.

भुरीबाई, महिन्याभरानं तू काम सोडलंस. जाताना धुतलेल्या पव्व्यांचं पोतं माझ्या दाराशी टेकवलंस. रडली नाहीस, भांडलीही नाहीस. “चिठ्ठ्या चिकटवून धाडजा,” एवढंच म्हणालीस. “लोकं पव्वे तं वापरतीनच.”

मी त्याच दिवशी कागद कापले. शंभर, मोजून. पहिल्या कागदावर लाल शाईनं ‘फवाऱ्याचं’ इतकंच लिहिलं, ते आजही तेवढंच आहे. पोतं मागच्या पडवीत आहे. यंदाही फवारणी सुरू झाली, आणि परवाच कामवालीचा भाऊ दारात येऊन विचारत होता, “आजी, रिकामा पव्वा आहे का एखादा, झाकणाचा?”