हात पाठीमागे

चिंचवडला नीळकंठरावांच्या वर्कशॉपमध्ये कुणाचाही भाचा-पुतण्या आला की आठवडाभरात लेथवर, धातू फिरवून कापायच्या मशिनवर, उभा राहायचा. स्वतःच्या लेकीला, अश्लेषाला, मात्र एवढीच मुभा होती की बघायचं, तेही हात पाठीमागे बांधून. जरा पुढे सरकली की आवाज यायचा, "हात काढ." मशिनला हात न लावताच ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली, नेदरलँड्सला, आइंडहोवनला आली. मनातला सल काही गेला नाही. घर घेतलं तेव्हा सोफ्याच्या आधी तिने सेकंडहँड छोटा लेथ आणला. नवरा यतीन हे अजून सगळ्यांना सांगत फिरतो.

या उन्हाळ्यात बाबा राहायला आले आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या विम आजोबांचं काम निघालं. त्यांची बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ती गेल्यावर तिचा मायक्रोस्कोप पुसताना त्यांच्या हातून भिंग पडलं आणि त्याच्या पितळी नळीवरचे आटे चेचले गेले. अश्लेषाने तेवढा भाग कापून नळीवर नवं कडं पक्कं बसवलं. आता त्यावर अगदी बारीक इंची आटे पाडायचे होते. बिघडले तर कडं काढताना भिंगही जाणार, हे तिने विमना आधीच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तू कर." त्या दोन शब्दांनी तिची झोप उडवली.

मागच्या शेडमध्ये बाबा शेजारी येऊन उभे राहिले. अश्लेषाने मोटर बंदच ठेवली आणि लेथ मागच्या हँडलने हाताने फिरवायला घेतला.

"ही लिव्हर उचलायची नाही, बाबा. मशिन मिलिमीटरचं, आटे इंची. एकदा उचलली की टूल सुटतं, परत त्याच खाचेत येणार नाही. उलटं फिरवूनच मागे यायचं."

"ठाऊक आहे गं," बाबा म्हणाले.

ठाऊक होतंच. पण त्यांचा लेथ इंची, कामंही इंची. तिथे दर कटानंतर लिव्हर उचलायची. डोक्याला कळलं तरी जन्मभराच्या हाताला कोण सांगणार?

कटामागून कट गेला. पितळेचा कीस टेबलावर साठत होता, अश्लेषाच्या मानेवर घाम. टूल पुन्हा कड्याच्या टोकाला पोचलं आणि बाबांचा हात आपसूक लिव्हरवर गेला.

"हात काढा!"

बाबांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. अश्लेषाने श्वास रोखून उलटं फिरवलं, टूल पुन्हा आट्यांना टेकवलं, टेबलावरचं दुसरं भिंग धरून पाहिलं. खाचेत होतं. लिव्हर उचलली गेली नव्हती.

तिने वळून पाहिलं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. ज्या शब्दांचा इतकी वर्षं राग धरला, तेच आपल्या तोंडून निघाले, याची तिला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

"शेवटचा कट आहे," ती म्हणाली. "हँडल तुम्ही धरा. टूल मी बघते."

"परत चुकून हात गेला तर?"

"दोन्ही हातांनी धरा."

त्यांनी हँडल फिरवलं, अगदी सावकाश, ती सांगेल तसं. मग तिने ते भिंग मायक्रोस्कोपला लावून पाहिलं. कुठे न अडखळता ते शेवटच्या आट्यापर्यंत फिरत गेलं.

बाबा फडक्याला हात पुसत राहिले. "तुला तेव्हाच शिकवायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," अश्लेषा म्हणाली.