पुण्यात ठरलेली समुद्राची भिंत

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला लागल्यावर, आणि तोही कामासाठी. मी चंद्रपूरची. पुण्यात आले तेव्हा आयटीचा जोर होता. धायरीत आम्ही तिघी मैत्रिणी मिळून एका फ्लॅटमध्ये राहायचो. आमची कंपनी उपग्रहाच्या फोटोंवरून परदेशी गिऱ्हाइकांसाठी नकाशे करायची. मग अमेरिकेत मंदी आली, तिकडचं काम आटलं आणि आमच्या संचालकांना एकाएकी कोकण आठवलं.

कारण सरळ होतं. समुद्र किनारा खात होता, हवामान बदलाने ते वाढणार होतं आणि गावं वाचवायला सरकारी निधी येणार होता. बंधारा कुठे बांधायचा हे सांगायला सल्लागार लागतो. ते आम्ही झालो. संचालक शनिवार पेठेत वाढलेले, हळू बोलणारे गृहस्थ. शिपायालाही अहो-जाहो करायचे. "आता आपण पर्यावरणात आहोत," असं त्यांनी एका दुपारी चहाच्या वेळी जाहीर केलं, जणू ऑफिस नव्या जागेत हलवलं होतं.

मला कोकणातल्या एका गावी मोजणीला पाठवलं. गावाच्या उत्तर टोकाला मच्छीमारांची वाडी होती. तिथे समुद्राला लागून असलेल्या रांगेतल्या एका घरातली बाई मला हाताला धरूनच पाण्याच्या काठाशी घेऊन गेली. पन्नाशीची, उंच, मोठ्या आवाजाची. नवरा आणि दीर होडीवर जायचे, ही बाजारात मासे विकायची. पुढे मी तिला मावशी म्हणायला लागले. तिने लाटांकडे बोट दाखवलं.

"ती लाट फुटली ना, तिथं माझी पडवी होती. त्याच्या पलीकडं माड. सासऱ्यानं लावलेले. विहिरीचं पाणी आता तोंडात धरवत नाय."

गावाच्या दक्षिणेला वाळूची रुंद पुळण होती, सुरूची झाडं होती. तिथे समुद्र कित्येक वर्षांत जागचा हलला नव्हता. जुने फोटो आणि माझी मोजणी दोन्ही तेच सांगत होती. मी अहवालात लिहिलं की बंधारा वाडीसमोर हवा, आणि लवकर हवा.

छापून आलेल्या अहवालात बंधारा दक्षिणेला होता, सुरूच्या झाडांसमोर. ती जमीन कुणीतरी रिसॉर्टसाठी घेतली होती हे मला ऑफिसातल्याच एकाने सांगितलं. मुखपृष्ठावर मात्र मी काढलेला मावशीच्या घराचा फोटो होता, अर्धी भिंत कोसळलेली आणि मागे पाणी. मी अहवाल घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे चुकून झालंय का?"

"नाही, अगदी विचार करून झालंय. कागदावर गाव एकच आहे ना?"

"पण घरं वाडीत पडतायत."

"अहो मॅडम, आपण नकाशे उत्तम काढता. धोरण कशाला काढता?" आणि त्यांनी मला बर्फी दिली. त्यांच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

त्यानंतर पुण्यात एका मोठ्या हॉटेलात कार्यशाळा भरली. समुद्रापासून इतक्या लांब का, तर निधी देणाऱ्या सरकारी खात्याच्या मोठ्या साहेबांना तेच सोयीचं होतं. स्टेजवर एक लाभार्थी हवा म्हणून मावशीला बोलावलं. पाहुण्यांना त्याच हॉटेलात खोल्या होत्या, लाभार्थ्याला नव्हती. ती आदल्या दिवशी एसटीने स्वारगेटला उतरली तेव्हा मीच तिला धायरीला घेऊन आले. तिने माझ्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे आणले होते. पुडी उघडल्यावर माझ्या मैत्रिणींनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मावशी हसली. "वासाला घाबरता आणि बंधारा बांधता?"

बंधारा कुठे होणार आहे, हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने सोड्यांची पुडी पुन्हा घट्ट बांधली. मग म्हणाली, "उद्या माझ्या डोळ्यांनी बघते."

हॉलमध्ये एसीचा इतका गारठा होता की तिने पदर कानावरून घेतला. स्टेजवर तिला शाल आणि कुंडीतलं रोप दिलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, तिच्यापुढे माइक मात्र कुणी धरला नाही. एक अधिकारी वाढत्या समुद्राविषयी बोलले. इंग्रजी उत्तम, मधूनमधून आवाज भरून येत होता. पडद्यावर तिचं पडकं घर आलं आणि त्यापाठोपाठ नकाशा. बंधाऱ्याची लाल रेघ सुरूच्या झाडांसमोर.

मावशी उठून उभी राहिली. "ओ साहेब, घर माझं दाखवताय आणि भिंत दुसऱ्याला घालताय?"

अधिकाऱ्यांनी गोड हसून सांगितलं, "ताई, प्रश्नोत्तरांचं सत्र जेवणानंतर आहे."

"समुद्र जेवायला थांबत नाय."

मी मागच्या रांगेत होते. उठले आणि मोठ्याने म्हणाले, "मोजणी मी केली आहे. पहिल्या अहवालात बंधारा वाडीसमोरच होता. तो नंतर ऑफिसात हलवला."

निवेदिकेने माझ्याकडे बघितलंही नाही. "वेळेअभावी आपण पुढच्या वक्त्यांकडे वळूया," ती म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. पैसे खाणारी माणसं मी चंद्रपुरातही पाहिली होती. ती निदान तोंड लपवून खायची. इथे तिच्याच पडक्या घराचा फोटो लावून, तिलाच शाल पांघरून, तिच्यासमोर तिच्या वाटणीचं उचलत होते आणि वर सगळे इतके सभ्य होते! मला शिसारी आली.

जेवणानंतरचं सत्र झालंच नाही. मावशीने सुरमईचा तुकडा नाकाशी नेला आणि ताटली तशीच बाजूला सारली. रोप तिने हॉटेलच्या दारात ठेवलं. "खाऱ्या जमिनीत हे जगायचं नाय. शाल नेते, थंडीला बरी."

सोमवारी संचालकांनी मला बोलावून चहा मागवला. "आपली इथे घुसमट होत असणार. आम्हाला आपली काळजी वाटते." म्हणजे राजीनामा द्या. दिला. माझा आणि छापलेला असे दोन्ही नकाशे घेऊन मी मुंबईला त्या सरकारी खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी ते कौतुकाने पाहिले, नकाशे किती सुबक आहेत असं म्हणाल्या आणि तज्ज्ञ सल्लागारांचं मत घेतो असं सांगितलं. सल्लागार कोण, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

दगडांचे ट्रक आले तेव्हा मावशी वाडीतल्या बायका घेऊन रस्त्यात बसली. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, संध्याकाळी सोडलं. बंधारा सुरूसमोरच झाला. त्याच्यावर आपटलेली लाट टोकाशी वळून वाडीवर दुप्पट जोराने यायला लागली. दोन पावसाळ्यांत पुढची सगळी रांग गेली. मावशी माहेरी, भावाच्या घरी राहायला गेली. मी तोवर एका कॉलेजात शिकवायला लागले होते. एक दिवस पेपरात वाचलं, वाडीची धूप वाढली म्हणून दुसऱ्या टप्प्याचा निधी मंजूर. सल्लागार कोण, हे खाली बारीक अक्षरात दिलं होतं. तेच.

गेल्या वर्षी मी मावशीला भेटायला गेले. ती थकली होती, आवाज तसाच होता. वाडी बघायला चल म्हणाली. आता वाडीसमोर बंधारा होता, काळ्या दगडांचा, भक्कम. त्याच्यामागे वाळू आणि एक मोडकं जोतं. शेजारी पाटी होती, तिच्यावर निधीची रक्कम आणि वाचवलेल्या कुटुंबांची संख्या. त्यांतलं एकही कुटुंब तिथे राहत नव्हतं.

मी ती पाटी पूर्ण वाचली आणि पाटीसमोरच थुंकले. आयुष्यात रस्त्यावर कधी थुंकले नव्हते.

मावशीने मला दंडाला धरून ओढलं. "अगो बाय, वारा समुद्राकडून येतोय. बाजूला हो, अंगावर येईल."