जपानी दांडी आणि उद्यमनगरची फूटपट्टी

प्रिय मुलांनो,

धाकट्याने परवा फोनवर विचारलं, "आजी, गिटारची नेक कुठल्या देशाची घ्यावी?" इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कोल्हापुरात हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्याच्या ताईने त्याला म्हणे सांगितलं, की आपल्या घरात या विषयातलं आजीइतकं कुणाला कळत नाही. ही थट्टा आहे हे मला समजतं. तरीही नीट लिहून कळवते, कारण तो सगळा प्रकार झाला तेव्हा धाकटा तिकडे कॅनडात होता, आणि आजोबा ही हकीकत सांगतात तेव्हा तांदळाचं पोतं त्यातून गळतं.

त्या वर्षी ताई एकटीच गणपतीला आली होती, पाठीवर विजेवर चालणारी गिटार घेऊन. कॉलनीच्या गणपतीपुढे एका संध्याकाळी तिचा कार्यक्रम ठरला होता. दरवर्षी ती यायची आणि मुलं तिला "पावणी आली, पावणी आली" म्हणून खुर्ची द्यायची. खुर्ची मिळणं म्हणजे खेळात न घेणं, हे तिच्या लवकर लक्षात आलं होतं. या वेळी तिला खुर्ची नको होती, स्टेज हवं होतं.

तिच्याकडूनच मी धडे घेतले. तुम्ही जिला नेक म्हणता तिला मी दांडी म्हणते, कारण सतारीला तोच शब्द आहे. गिटारच्या पोटात काय वाट्टेल ते असो, बोटं फिरतात ती दांडीवर. म्हणून वाजवणारे तिचीच चौकशी करतात. ही चौकशी मला ओळखीची वाटली. स्थळ बघताना आमच्याकडे अशीच होत असे. अमेरिकेची दांडी म्हणजे थोरलं घराणं. जपानची म्हणजे घराणं वेगळं, पण मुलगी थोरल्यांपेक्षा नीटनेटकी, असं जाणकार हळू आवाजात सांगतात. मेक्सिकोची म्हणजे त्याच थोरल्या घरातली, फक्त कुंपणापलीकडे वाढलेली. मग कोरिया, मग इंडोनेशिया, आणि चीनचं नाव निघालं की लोक किंमत विचारतात आणि घरी जाऊन विचार करतो म्हणतात.

ताईची पहिली गिटार चिनी होती. हिवाळ्यात लाकूड सुकलं की दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं कडेने बाहेर यायची आणि तिचा तळवा ओरबाडायची. आता जपानी होती. मी तिच्या कडेवरून हात फिरवला. चांगल्या घडणीच्या बांगडीसारखी गुळगुळीत. मी विचारलं, लाकूड कुठलं? ताईने मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. दांडी मेपलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतली, तुमच्याच अंगणापलीकडची. आणि बोटं टेकतात ती पट्टी भारतीय शिसवाची.

"म्हणजे जपानचं त्यात काय?" मी विचारलं.

"आजी, काम जपानचं!" ती म्हणाली.

ते खरंच होतं. लाकूड किती सुकवलं, दांडी किती सरळ आली, पट्ट्यांची टोकं किती घासली, एवढीच प्रत असते. बाकी सगळा नकाशा.

आता पोतं. आजोबा तिला आजऱ्याला घेऊन गेले. तिथल्या भाच्यांना तिचं वाजवणं ऐकवायचं होतं. परतताना कुणीतरी घनसाळ तांदळाचं पोतं दिलं. आजोबांनी ते गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. गिटार कापडी पिशवीत होती आणि पिशवी त्याच सीटवर, पोत्याखाली होती. गडहिंग्लजच्या अलीकडे खड्डा आला. घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा दांडी डोक्याजवळ, खुंट्या असतात तिथे, मोडलेली. तांदळाचा दाणा हलला नव्हता.

ताई रडली नाही. ती आजोबांशी बोलायचीच बंद झाली. जेवताना ते शेजारी, तरी मला सांगायची, "आजी, त्यांना मीठ द्यायला सांग." उभी हयात वरच्या आवाजात बोललेला माणूस दोन्ही हातांनी मीठ पुढे करायचा. सरस लावून दांडी जोडून पाहिली. तारा ताणल्या तशी ती पुन्हा उघडली. नवी मागवली असती तर विसर्जन झाल्यावर आली असती. कार्यक्रम रद्द करा, असं ताईने मलाच सांगितलं. आजोबा उठले, चप्पल घातली आणि उद्यमनगरात गेले; मागोमाग मी, आणि माझ्यामागे ताई.

त्यांचे मित्र, तुमचे पॅटर्नवाले काका, तिथल्या फाउंड्रीसाठी लाकडी साचे करतात. पंपाचा असो की गिअरचा, आधी लाकडाचा हुबेहूब भाग, मग वाळूत त्याचा ठसा, मग ठशात लोखंड. काकांनी मोडकी दांडी हातात घेऊन उलटसुलट केली.

"वहिनी, ह्यात काय हाय? लाकडाची काठी हाय की नुसती! जपानात काय लाकडाला शिंगं येत्यात व्हय?"

"आरं, नाजूक काम हाय," आजोबा म्हणाले.

"पावणं, पंपाचा पंखा तुझ्या काठीपेक्षा नाजूक असतोय. उगंच शिकवू नगंस."

त्यांनी जुना सागवान काढला. बोटं टेकतात त्या पट्टीसाठी आमच्या मोडीत काढलेल्या शिसवी पलंगाची आडवी फळी गेली. जुन्या दांडीतली, तिला वाकू न देणारी लोखंडी सळई, खुंट्या आणि धातूच्या पट्ट्या काढून घ्यायच्या ठरल्या. काका माप घेत, आजोबा कंदील धरल्यासारखा मोबाईलचा उजेड धरत, आणि ताई दारात पाठ करून बसे.

दांडी तयार झाली. देखणी होती, हे मला कबूल केलं पाहिजे. काकांनी ती गिटारच्या खाचेत बसवायला घेतली आणि ती बसेना. दाबून बसेना, ठोकून बसेना.

"बॉडी आकसलीया," काका म्हणाले.

"तुझी अक्कल आकसलीया," आजोबा म्हणाले.

जुनी आणि नवी शेजारी ठेवली. नवी सगळीकडून मोठी. लांबीला जराशी, रुंदीला किंचित, पण सगळीकडून, जणू जपानी दांडीची थोरली बहीण. आजोबांनी घरून माझ्या टेबलावरची फूटपट्टी आणून काकांच्या मोजपट्टीला लावली. काकांचा फूट आमच्या फुटापेक्षा मोठा निघाला.

मग काकांनाच आठवलं. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून साचे करणाऱ्यांची पट्टी मुळातच वाढीव असते. साचा मोठा, म्हणजे भाग नेमका. काकांनी जपानी दांडी साध्या मापाने मोजली होती आणि नवी सवयीने आपल्या पट्टीवर आखली होती.

"माज्या हातात हीच पट्टी असतीया," ते म्हणाले. "घरची दारं-खिडक्या बी हिच्यावरच केल्यात."

"तरीच तुझं एक दार लागत न्हाय!" आजोबा गरजले.

दारातून आवाज आला. ताई हसत होती. आवरेना तिला. डोळे पुसत ती म्हणाली, "आजोबा, हे काका माझी गिटार लोखंडात ओतणार होते का?"

आजोबा त्या क्षणी दांडीचं विसरलेच असावेत. काकांची पट्टी खाली ठेवत ते म्हणाले, "व्हय की गं. पंपासंगट." आजऱ्यानंतर तिने त्यांना पहिल्यांदाच हाक मारली होती.

पुढचं काम काकांच्या हाताखाली आजोबा आणि ताई दोघांनी मिळून केलं. दांडीचं बूड तासून खाचेत बसवलं. सगळंच एका प्रमाणात वाढलेलं, म्हणून धातूच्या पट्ट्यांची आपापसातली अंतरं बरोबर होती; गिटारच्या खालच्या टोकाला तारा टेकतात ते तुकडे स्क्रूने थोडे मागे सरकवल्यावर सूर जुळले. जुन्या पट्ट्या नव्या रुंद दांडीवर दोन्ही कडांना केसभर तोकड्या पडल्या होत्या. त्यामुळे त्यांची टोकं हाताला लागतच नाहीत. अशी सफाई मोठे कारखाने खास मजूर लावून घासून आणतात. आमच्याकडे ती चुकून आली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्टेजवर जाण्याआधी केस बांधायचे म्हणून ताईने गिटार आजोबांच्या हातात दिली. "धरा जरा," एवढंच. त्यांनी ती अशी धरली, की शेजारच्या काकू मला विचारत्या झाल्या, "ह्यांची पाठबीठ दुखतेय का?"

ती चांगलं वाजवत होती की नाही, ते मला ठरवता येत नाही. फार मोठ्याने वाजवत होती. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून म्हणाले, "काही म्हणा, परदेशी वस्तूचा आवाजच वेगळा." पाठीमागून काका ओरडले, "उद्यमनगर हाय ते, पावणं!" गृहस्थांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी ताईला आरतीच्या ताटापाशी उभं केलं. खुर्ची कुणी दिली नाही.

तेव्हा धाकट्या, तुझं उत्तर: दांडीवरून हात फिरव, डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का बघ, आणि मग देशाचं नाव वाच. याच क्रमाने. आणि कोल्हापूरची घेतलीस तर आधी फूटपट्टी तपास.

सागवानी दांडी तुमच्या घरी आहे. ताई म्हणते, तिथल्या थंडीत दरवर्षी सळईचा स्क्रू थोडा फिरवावा लागतो, मग चालते. काका तीच पट्टी वापरतात. त्यांचं ते दार अजून लागत नाही.

जपानी दांडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू आहे. डोकं नाही, पट्ट्या नाहीत, खुंट्या नाहीत. सरळ आहे.