पहले हाथ

पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात माझं पोस्टिंग चंडीगडजवळच्या चंडीमंदिरला आलं, छावणीतल्या एका लहानशा हॉस्पिटलात. मी शिपाई, नर्सिंग असिस्टंट. गावी आईला वाटायचं, पोरगा रोज गोळ्या झेलतोय. प्रत्यक्षात मी फॅमिली वॉर्डात बाळांची टेम्परेचर घेत होतो. हे मी पत्रातून तिला कधी कळवलं नाही.

सकाळी ०६०० ला टेम्परेचर, ०८०० ला आमच्या डॉक्टर कॅप्टन मॅडमचा राउंड. इथे येण्याआधी मी दोन वर्षं पलटणीत सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची सकाळची रांग, सांभाळली होती. तिथला नियम सोपा. ताप असेल तर आराम, नसेल तर गोळी घे आणि ड्युटीवर चल. पारा चढला नाही म्हणजे माणूस ठणठणीत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

लॅबचा हवालदार गुरदेव सिंग रोज सकाळी रक्त घ्यायला वॉर्डात यायचा. आधी चहाच्या ग्लासावर दोन्ही हात शेकायचा, मग प्रत्येक बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावायचा. मी हसायचो. तो म्हणायचा, "मराठे, तू थर्मामीटर से शादी कर ले."

जानेवारीतली सकाळ होती. शहरात कर्फ्यू होता. सहा नंबरच्या खाटेवर आमच्या साताऱ्याकडची सुनंदा होती. नवरा फौजेत नाईक, अमृतसरच्या बाजूला तैनात. लेक नऊ दिवसांची. त्याने तिला अजून पाहिलंही नव्हतं.

"भाऊ, आज लई शहाण्यावानी झोपलीया," सुनंदा म्हणाली. "दुधालाबी उठली न्हाई."

"फौजीची लेक आहे, वहिनी. शिस्त रक्तातच," मी म्हणालो.

थर्मामीटर लावला. पारा पंच्याण्णवावरच अडकला. दोनदा झटकून पाहिला, तेच. थंडीने थर्मामीटर बिघडला असेल, असं मी ठरवलं आणि चार्टवर लिहिलं: नॉर्मल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

०७२० ला गुरदेव शेजारच्या खाटेवर रक्त घ्यायला आला. सवयीने सहा नंबरच्या बाळालाही हात लावला. हात तिथेच थांबला.

"पैर ठंडे. पेट भी ठंडा. दूध कब पिया?"

"काल सांजच्याला," सुनंदा म्हणाली. मी हिंदीत सांगितलं.

"दौड़! मैडम को बुला."

मी धावलो. कॅप्टन मॅडम आल्या. बाळाला चिमटा काढला तरी ते नुसतं कण्हलं. नऊ दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढेलच असं नाही, अंग उलट गारही पडतं, हे मला त्या खाटेपाशी कळलं. मॅडमनी रक्त घेतलं, पाठीच्या कण्यातलं पाणी घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. ते पाणी स्वच्छ असायला हवं होतं. नळीत गढूळ दिसत होतं. गुरदेव नळी घेऊन लॅबकडे पळाला.

०८४० ला वॉर्डातला फोन वाजला. मी उचलला.

"मैडम को बोल, सेल बहुत हैं. जर्म भी दिख रहे हैं. दवाई चालू रखें."

मेंदूच्या आवरणापर्यंत जंतू पोचले होते. माझी पाचावर धारण बसली. आठ वाजता राउंडला मॅडमनी तो चार्ट पाहिला असता आणि पुढच्या खाटेकडे गेल्या असत्या. मी सावधान उभा राहून सगळं कबूल केलं.

"थर्मामीटर सही था," मॅडम म्हणाल्या. "जो पढ़ा, वही लिखा करो."

तीन दिवस सुनंदा खाटेवरून हलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी लेकीने भूक लागली म्हणून असा टाहो फोडला की सगळा वॉर्ड हसायला लागला. सुनंदा तेवढी रडली. मीही थोडा.

गुरदेवने मला शिक्षा दिली. "हर बच्चा. पहले हाथ, फिर थर्मामीटर." आम्ही एकाच ग्लासावर हात शेकायचो. नोकरीतले माझे सर्वांत सुखाचे दिवस तेच.

पुढच्या वर्षी गुरदेव रजेवर गावी निघाला. वाटेत बस अड्ड्यावर गोळीबार झाला. तो वाचला होता. पडलेल्या एका माणसाची नाडी बघायला वाकला, तेव्हा दुसरी फैर आली. त्याची पेटी घरी पाठवायला मीच बांधली. चहाचा ग्लास तेवढा ठेवून घेतला. हे बेकायदा होतं.

गेल्या वर्षी सुनंदाच्या त्या लेकीला मुलगा झाला. बारशाला आम्हाला बोलावलं होतं. मी तो ग्लास पिशवीतून नेला, चहा मागितला, हात शेकले आणि बाळाच्या पोटाला लावले.

"काका, घरात थर्मामीटर आहे," ती म्हणाली.

"असू दे. दूध पितो?"

"सारखा."

पोट गरम होतं, पाय गरम होते. मी उभा राहिलो आणि सवयीने रिपोर्ट दिला, "सब ठीक है, हवालदार साहब." खोलीत कोणाला काही कळलं नाही. सुनंदाला कळलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या ग्लासात आणखी चहा ओतला.