खिचडीसाठी मी काढलेला मोर्चा

ब्वेनोस आइरेस शहरात मी एका मोर्चाचं नेतृत्व केलं, कारण सासूबाईंना मुगाची खिचडी हवी होती.

आम्ही न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनचे. मी फार्मसिस्ट, नवरा अजित आयटीत, आणि लेक ईशा तेरा वर्षांची (मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्येच). ऑकलंडहून थेट विमान आहे म्हटल्यावर सुट्टीत आम्ही अर्जेंटिना गाठलं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनाही नेलं. त्या कट्टर शाकाहारी, आणि ते शहर त्याच्या कट्टर उलट! म्हणून मी तीन महिने स्पॅनिश शिकले. म्हणजे वाक्य एकच शिकले, पण अगदी तोंडपाठ: "सिन कार्ने, सिन पोशो, सिन उएवो!" मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, अंड्याशिवाय.

या वाक्यावर आम्हाला तीन दिवस फक्त बटाटे मिळाले. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "आता खिचडी. नाहीतर उपास."

"आई, पण मूगडाळ कुठून आणायची?"

त्यांनी शांतपणे पर्स उघडून मूगडाळीची पुडी काढली. ('पर्समध्ये फक्त औषधं आहेत' असं निघताना त्यांनी मला सांगितलं होतं. मला! एका फार्मसिस्टला!)

भाड्याच्या फ्लॅटमध्ये पातेलं एकच, आणि त्याला आधीच्या पाहुण्यांच्या जेवणाचा वास. सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

"नवीन आणते," मी म्हटलं. "कोपऱ्यावर दुकान आहे, दहा मिनिटांत आले."

"अगं, फोन घेऊन जा," अजित म्हणाला.

"चार्जिंगला लावलाय. आणि मला स्पॅनिश येतं!"

चांगलं जाड बुडाचं पातेलं आणि एक लांब दांड्याचा डाव घेतला. पिशवी मिळाली नाही, म्हणून दोन्ही हातातच धरून निघाले. रस्ता चुकून भलत्याच कोपऱ्यावर वळले, तर समोरून पाचेकशे माणसं भांडी बडवत येत होती! महागाईविरुद्धचा मोर्चा होता तो, पण हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, कुठेतरी भांड्यांचा सेल लागलाय आणि मी मूर्खासारखी पूर्ण किमतीत घेऊन बसले!

चष्मा लावलेल्या एका आजींची नजर माझ्या पातेल्यावर गेली. कोरं करकरीत! खास मोर्चासाठी नवं घेतलंय असं वाटून आजी गहिवरल्या. दंड धरून त्यांनी मला आत ओढलं. सगळे वाजवत असताना आपण नुसतं पातेलं धरून चालणं बरं दिसेना, म्हणून मीही एक डाव हाणला. मग दुसरा. ऑकलंडच्या गणपतीत मी ताशा वाजवते (शेवटच्या रांगेत. पथकप्रमुखांनी सांगून ठेवलंय, "वहिनी, तुम्ही काड्या हवेतच ठेवा"). इथे सांगणारं कोण होतं? माझा हात सुटला! आजूबाजूची भांडी माझा ठेका धरायला लागली. आजींनी मला एक रांग पुढे ढकललं. मग आणखी एक. थोड्या वेळाने बघते तर माझ्यापुढे रांगच नाही! फक्त पोलीस, आणि माइक घेतलेली एक टीव्हीवाली.

आता मात्र मी मागे वळून पाहिलं. फोन नाही, फ्लॅटचा पत्ता पाठ नाही, आणि परतीचा रस्ता पाचशे पातेल्यांनी अडवलेला. टीव्हीवालीने माइक तोंडापुढे धरून भरभर काहीतरी विचारलं. घाबरलेला माणूस पाठ असलेलंच बोलतो.

"सिन कार्ने!" मी ओरडले. "सिन पोशो! सिन उएवो!"

आजूबाजूची भांडी थांबली. आजींना हुंदका फुटला. ही बिचारी परदेशी बाई महागाईपायी मांसाशिवाय, कोंबडीशिवाय, साध्या अंड्याशिवाय दिवस काढतेय, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता! पुढच्या क्षणी मागून गर्जना उठली, "सिन कार्ने! सिन पोशो! सिन उएवो!"

तिकडे फ्लॅटमध्ये सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. "अजित, ही बघ! पातेलं छान निवडलंय हो."

"ओ माय गॉड, दॅट्स मम!" ईशा किंचाळली.

टीव्हीवर मागे दिसणारा पुतळा ओळखून अजित पायातल्या जँडल्सनिशी (म्हणजे आपल्या रबरी चपला) पळत सुटला. पण मोर्चेकरी त्याला पुढाऱ्यापर्यंत सोडेनात! "आय अॅम हर हजबंड!" असं तो ओरडत राहिला, तेव्हा आजींनी त्याच्या हातात एक झाकण आणि चमचा दिला. पुढचे तीन चौक तोही वाजवत आला. मोर्चा पांगल्यावरच आम्ही घरी पोचलो. पातेल्याला सात पोचे पडले होते, पण खिचडी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात इमारतीच्या केअरटेकर बाई आणि तीन शेजारी. डोळ्यांत पाणी, हातात भलामोठा ट्रे: भाजलेलं मांस, दोन अख्ख्या कोंबड्या आणि दोन डझन अंडी.

"स्वीट अॅज!" (न्यूझीलंडच्या पोरांचं 'झकास!') म्हणत ईशाने अंडी आत पळवली.

गैरसमज दूर करावा म्हणून मी श्वास घेतला, तोच सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "तू गप्प राहा गं बाई. तू बोललीस की लोक ऐकतात!"

लग्नाला सतरा वर्षं झाली. मराठी आणि इंग्लिश, दोन्ही मला उत्तम येतात. त्या भाषांत मी बोलायला लागले, तर आमच्या घरात कोणी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करत नाही!